तीन दिवस न तुटलेली पट्टी

"आजही एकसुद्धा नाही!" मुंगीनं पत्र्याचा डबा जोरात हलवला. आत जुने तुकडे खुळखुळले. "तीन दिवस झाले!"

"गवतात नीट शोधलंस का?" वकिलानं विचारलं.

"शोधलं! विचार तबल्याला!"

तबल्यानं बाकावर धरलेला ताल न सोडता मान डोलावली.

ही तिघं सुट्टी लागल्यापासून ग्लायडर क्लबवर पडीक होती. मुंगी दहा वर्षांची, दिसायला एवढीशी, पण चावली की सोडायची नाही. वकील तेरा वर्षांचा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तरी तो "कशावरून?" विचारणार! तबल्याचे हात कधी स्वस्थ नसत, म्हणून तो तबला. मुंगीची ताई इथं ग्लायडर चालवायला शिकत होती आणि आज ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच होतं, म्हणजे दोर गुंडाळणारं मोठं यंत्र. विंचवाले मामा ते सुरू करायचे, किलोमीटरभर लांबीचा पोलादी दोर सरसर खेचला जायचा आणि त्याला अडकवलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये मात्र बोटाएवढी एक धातूची पट्टी असायची. तिचं काम एकच, तुटायचं! ओढ प्रमाणाबाहेर गेली, की पंखांना इजा होण्याआधी ती पट्टी तुटायची. मग वैमानिक नाक खाली करून मुकाट्यानं उतरायचा. पट्टीचे तुकडे गवतात पडायचे आणि ते आधी कोणाला सापडतात यावरून या तिघांत रोज जुंपायची.

वकील उठून उभा राहिला. मैदानावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फुगून आडवा झाला होता. लांबवर धुळीनं आकाश मळकट पिवळं दिसत होतं. एकही पक्षी नव्हता.

"एक सांगा," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात वारा नव्हता, तरी रोज एक-दोन पट्ट्या तुटायच्या. आता तीन दिवस वारा नुसता पिसाळलाय. मग जास्त तुटायला हव्यात की कमी?"

तबल्याचा ताल थांबला. "जास्त."

"आणि एकही तुटली नाही! हे उलटं नाही का?"

मुंगीनं डबा खाली ठेवला.

"लगीनघाई काकांना विचारूया," ती म्हणाली.

मैदानाची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या काकांना मुलांनी ठेवलेलं हे नाव. काका मनानं वाईट नव्हते, पण कायम घोड्यावर! या मोसमात सगळ्यांत जास्त उड्डाणं आपल्या क्लबची व्हायला हवीत, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. आताही ते चालता चालताच बोलत होते.

"तीन दिवस एकही पट्टी तुटली नाही? अरे, तुटणार कशी! शिस्त म्हणतात ती ही! आणि मुलांनी मैदानाच्या कडेच्या त्या टायरांच्या रांगेच्या अलीकडे यायचं नाही, सांगितलंय ना? काल या वकिलानं तीनदा उगाच 'थांबा' म्हणून बोंब मारली. सगळ्यांचा खोळंबा केला!"

"पण क्लबचा नियमच आहे," वकील म्हणाला. "काही खटकलं तर कोणीही थांबवू शकतं. लहान मुलंसुद्धा!"

"तुला काय खटकलं होतं? एक बेडूक!"

"मोठा होता," वकील पुटपुटला. पण काका कधीच पुढे गेले होते.

"त्यांनी उत्तर दिलंच नाही," मुंगी म्हणाली. "चला, हँगरच्या मागच्या खोलीत बघू."

सामानाच्या त्या खोलीत ग्रीसचा वास कोंदला होता. पत्रे वाऱ्यानं धडधडत होते. फळीवर नव्या पट्ट्यांचं खोकं होतं. तबल्यानं ते उतरवलं. झाकणावर मेकॅनिक मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सोमवार, वीस'. मावशी सोमवारीच रजेवर गेल्या होत्या.

"सतरा," तबल्यानं मोजून सांगितलं.

"म्हणजे तीन काढल्यात," वकील म्हणाला. "तुटली तरच नवी घालतात. आणि तीन दिवसांत तुटलेली तर एकही नाही. मग या तीन गेल्या कुठे?"

मुंगीची नजर कोपऱ्याकडे गेली. क्लबचे दोर तीन. त्यांतला एक दुरुस्तीसाठी आत आणला होता आणि त्याचं टोक जमिनीवर पडलं होतं. पट्टी ज्यात बसवतात ते जाड लोखंडी घर त्या टोकाला तसंच होतं. मुंगी पोटावर आडवी झाली आणि तिनं घराच्या फटीतून आत पाहिलं.

पट्टीची एक कड दिसायला हवी होती. तिथं दोन होत्या.

"दोन आहेत," ती हळूच म्हणाली. "एकावर एक. दोन घातल्यात!"

वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. "तीन दोर, तीन जास्तीच्या पट्ट्या. दोन मिळून दुप्पट दणकट. म्हणून तुटत नाहीत! आता ओढ वाढली, तर पट्टी नाही, ग्लायडरच..."

बाहेर भोंगा वाजला. उड्डाणाची तयारी झाली होती.

"ताई!" मुंगी किंचाळली.

तिघंही जीव खाऊन पळाली. टायरांच्या रांगेपलीकडे पांढरं ग्लायडर एका पंखावर कलून उभं होतं. पारदर्शक झाकणाखाली ताई बसली होती. दोर अडकवून झाला होता. प्रशिक्षक सर पार कडेच्या केबिनपाशी फोनवर हवामानाची चौकशी करत होते आणि त्यांची पाठ मैदानाकडे होती.

"वादळ यायच्या आत हे एवढं एक उड्डाण उरकून घेऊ!" लगीनघाई काका ओरडत होते. "पटापट!"

"थांबा!" वकील बेंबीच्या देठापासून ओरडला. "थांबा! थांबा!"

वाऱ्यानं त्याचा आवाज मागेच फेकला. काकांनी वळून पाहिलं आणि हात झटकला. "लक्ष देऊ नका! ती कालचीच पोरं आहेत! घ्या, पंख उचला!"

पंखाच्या टोकाशी उभ्या असलेल्या क्लबमधल्या उंच दादानं तो उचलून सरळ धरला. गवतात दोर सळसळायला लागला, हळूहळू, नागासारखा. तो एकदा ताणला गेला, की पुढच्या चार सेकंदांत ताई हवेत!

"पंख!" तबला ओरडला. "पंख खाली असेल, तर मामा खेचत नाहीत!"

विंचवाल्या मामांना एवढ्या लांबून आवाज ऐकू येत नाही. ते दुर्बिणीतून पंख बघतात. पंख सरळ म्हणजे निघा, पंख जमिनीला म्हणजे थांबा. कोणाची कितीही घाई असली, तरी मामा तो नियम मोडत नसत.

वकील आणि तबला सरांकडे धावले. मुंगी पंखाकडे. धावता धावताही सरांनी पहिल्या दिवशी दिलेली तंबी तिच्या डोक्यात होती: पंखाच्या पुढे जायचं नाही, दोर ओलांडायचा नाही, यायचं तर मागूनच. पळत पळत तिनं मोठा वळसा घेतला. दोर जवळजवळ सरळ झाला होता. तिनं मागून झेप घेतली आणि पंखाच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळली.

"ए! काय करतेस!" दादा दचकला. पंख खाली गेला आणि टोक गवताला टेकलं.

दोर थरथरला. एक क्षण. दोन क्षण. मग सळसळ थांबली.

"खट्!" ताईनं पिवळा दांडा ओढून दोर सोडून दिला, कारण काही गडबड झाली की आधी दोर सोडायचा, हे तिच्या अंगात मुरलं होतं. पण झाकण उघडलं तेव्हा तिचे डोळे रागानं भरून आले होते.

"मुंगे! आजच्याच दिवशी? दोन वर्षं वाट बघितली मी! तू माझ्याशी बोलूच नकोस!"

मुंगी पंखाला धरून तशीच बसून राहिली.

"उचला रे हिला!" काका लालबुंद होऊन धावत आले. "यांच्या आईवडिलांना बोलवा!"

"कोणी कशाला हात लावायचा नाही." सरांचा आवाज चढलेला नव्हता, तरी सगळे जागच्या जागी थांबले. दोन्ही पोरं धापा टाकत त्यांच्यामागे उभी होती. सर खाली बसले, दोराच्या टोकाचं लोखंडी घर त्यांनी खोललं आणि तळहातावर उपडं केलं.

दोन पट्ट्या पडल्या.

"हे कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"सारख्या तुटत होत्या," काका म्हणाले. "प्रत्येक वेळी पाऊण तास जायचा. तीस मुलं उन्हात ताटकळत बसायची. म्हटलं, दोन घातल्या की... काही झालं तर नाही ना, सर. तीन दिवस काहीच झालं नाही."

सरांनी बॅटरी मागवली, ग्लायडरखाली आडवे झाले आणि दोर अडकवायच्या आकड्याभोवती बराच वेळ प्रकाश फिरवत राहिले. आता धुळीचे कण सगळ्यांच्या तोंडावर आपटत होते, पण कोणी हललं नाही.

"इकडे ये," त्यांनी ताईला बोलावलं. "बोट लाव इथं."

ताईनं हात आत घातला. आकड्याच्या बैठकीजवळ एक बारीक चीर होती, नखात जेमतेम अडकेल एवढी.

"तीन दिवसांची ओढ," सर म्हणाले. "पट्टीनं सोसायची ती यानं सोसली. आजचा वारा यानं सोसला नसता."

ताई उठली नाही. ती तिथंच गवतात बसून राहिली.

सगळ्यांनी मिळून ग्लायडर हँगरमध्ये ढकललं. दारं लावली आणि पाचच मिनिटांत वादळ येऊन आदळलं. पत्र्यांच्या त्या गोंगाटातच लगीनघाई काका मुलांपुढे येऊन उभे राहिले.

"तीनदा काय, तीनशे वेळा ओरडा," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी थांबेन. आज थांबायला हवं होतं."

"तुम्ही आता मैदानावर नाही, घरी," सर त्यांना म्हणाले. "पुढचं समिती ठरवेल." मग ते मुलांकडे वळले. "बावीस वर्षं शिकवतोय मी. काय तुटलं ते सगळ्यांना दिसतं. काय तुटत नाहीये, ते तुम्हा तिघांनाच दिसलं. शाब्बास! उद्यापासून टायरांची रांग तुमच्यासाठी नाही."

वकिलानं आयुष्यात पहिल्यांदाच "कशावरून?" विचारलं नाही. तबल्यानं मात्र शेजारच्या लाकडी पेटीवर एक तिहाई वाजवून घेतली.

मुंगी लांब उभी होती. ताई येताना दिसली, तशी ती दोन पावलं मागे सरकली.

"मी मुद्दाम नाही केलं," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे मुद्दामच केलं. पण तुझं उड्डाण..."

ताईनं तिला ओढून जवळ घेतलं. इतकं घट्ट, की मुंगीला नीट श्वासही घेता येईना. आणि इतका वेळ धीट राहिलेली मुंगी ताईच्या खांद्यात तोंड खुपसून मोठ्यानं रडायला लागली.

"रड," ताई म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "रडून झालं की जेवायला जाऊ. मला केवढी भूक लागलीये!"