उधाणाची रेघ

माझा धाकटा भाऊ अक्षय आणि त्याची बायको रिद्धी चिखलोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तेव्हा इमारतीला लिफ्ट लागायची होती. त्यांचा चौथा मजला. मी अंबरनाथ पूर्वेला राहते आणि बदलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. परतीच्या वाटेवर रिक्षा सोडायची, जिने चढायचे, रिद्धीच्या हातचा चहा घ्यायचा, ही सवयच झाली होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसायची आणि हॉलमधून नव्या स्टेशनचं चाललेलं काम. समुद्राचा कुठे मागमूस नाही.

जानेवारीत एकदा रिद्धीने चहाआधीच मला बाथरूममध्ये नेलं. जाळीच्या बाजूला काहीतरी उगवलंय, म्हणाली, अ‍ॅसिड टाकलं तरी जात नाही.

टाइलवर तळहाताएवढं तपकिरी झुडूप होतं. चामड्यासारखी चिवट पाती, टोकाशी दुभंगलेली, अंगावर मटारच्या दाण्याएवढे हवेचे फुगे. मी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही.

माझी पीएचडी खाडीतल्या शैवालांवर झाली आहे. हे तपकिरी शैवाल होतं, त्यात शंका नव्हती. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथल्या दगडांना धरून वाढतं तसलं. घराणं ओळखता आलं, नेमकी जात ओळखता आली नाही. अशा शैवालाला मुळं नसतात. तळाशी एक चकती असते, तिने ते दगड धरतं. इथे चकतीने टाइल धरली होती. मी ओढलं तर टाइलच्या चकाकीचा पापुद्रा सोबत निघाला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्याचे दोन भाग केले. नळाच्या पाण्यात ठेवलेला भाग दुसऱ्या दिवशी मऊ पडून कुजला. मिठाच्या पाण्यातला हिरवट तपकिरी, टवटवीत राहिला. म्हणजे त्याला खारं पाणी लागतच होतं. मग अक्षयच्या नळाचं पाणी तपासलं, वरच्या टाकीचं तपासलं. दोन्ही गोडं.

अक्षयला मी हे सांगितलं तेव्हा तो डबा भरत होता. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि प्रत्येक गोष्टीचं कारण पाइपात शोधतो. कुठल्यातरी केमिकल कंपनीचं पाणी झिरपत असेल, त्यात क्षार असतील, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटण्यासारखं वाटलं.

पुढच्या खेपेला शैवाल बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर आलं होतं. पॅसेजच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्याची एक ओळच होती. आणि सगळी पाती एकाच बाजूला विंचरल्यासारखी पडली होती, दाराकडून खिडकीकडे. मी दोन दिवसांनी सकाळी गेले तेव्हा ती खिडकीकडून दाराकडे पडलेली होती.

खाडीत हे रोजचंच. भरतीचं पाणी त्यांना आत झुकवतं, ओहोटीचं बाहेर. पण भिंत कोरडी होती. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी आली. जिभेला लावली. मीठ.

त्याच दिवशी मी रिद्धीचे हात पाहिले. चहाचा कप पुढे करताना तिच्या बोटांची टोकं सुरकुतलेली दिसली, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी. भांडी घासत होतीस का, मी विचारलं. ती नाही म्हणाली. ती घरूनच एका विमा कंपनीचं काम करते, दिवसभर हेडफोन लावून बसलेली असते. हल्ली ऑफिसातले लोक म्हणतात की दुपारी तुझा आवाज बुडाल्यासारखा येतो, असं तिने हसत सांगितलं. मग हसणं थांबवून म्हणाली, "ताई, मला येताना कळतं. आधी पायांना गार लागतं."

"काय येताना?"

ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

रिद्धीचं माहेर मिठागरवाल्यांचं. तिचे वडील हरिचंद्र यांनी उमेदीची वर्षं भाईंदरच्या बाजूला मिठागरात काढली होती. रविवारी ते मुलीला भेटायला आले, तेव्हा मीही होते. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत आले, आणि पॅसेजमध्येच थांबले. आता भिंतीवर एक फिकट रेघ उमटली होती, कमरेएवढी उंच, घरभर सरळ. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, फ्रिजच्या दारावर, देवघराच्या फळीवर. पाणी चढून उतरल्यावर राहते तशी. त्यांनी रेघेवर तळवा ठेवला आणि पंचांग कुठे आहे म्हणून विचारलं.

अक्षयने मोबाइलवर बघून अमावास्या गुरुवारी असल्याचं सांगितलं.

"आवसेला उधान येल," ते म्हणाले. "पोरीला हितं नका ठेवू."

अक्षय चिडला नाही. त्याने सासऱ्यांना नीट समजावलं, की बाबा, चौथ्या मजल्यावर कमरेइतकं पाणी यायचं तर खालचे सगळे मजले आधी बुडायला हवेत. खाली तर माणसं मजेत राहतायत. वॉटरप्रूफिंगवाला शनिवारी येतोय, भिंती खरवडून काढू. हरिचंद्र ऐकत राहिले. निघताना त्यांनी रिद्धीला बाजूला नेऊन काही सांगितलं. ती मान हलवत होती. शुक्रवारी सुट्टी टाकून माहेरी येते, असं तिने कबूल केलं. गुरुवारी तिच्या कामाचा काही महत्त्वाचा कॉल होता.

बुधवारी रात्री मी मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक उघडून बसले. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही. रिद्धीचा आवाज बुडायचा ती वेळ आणि भरतीची वेळ शेजारी मांडली. त्यात थोडा फरक होता. समुद्राचं पाणी खाडीतून आत, कल्याणच्या दिशेने पोचायला लागतो तेवढाच.

गुरुवारी माझं दुपारचं प्रॅक्टिकल होतं. मुलींना स्लाइड्स देऊन मी रिद्धीला फोन केला. रिंग वाजत राहिली. अक्षयचाही फोन ती उचलत नव्हती. तो कंपनीतून निघाला, मी कॉलेजातून निघाले.

आम्ही जवळपास एकदमच पोचलो. दार आतून बंद होतं. अक्षयने किल्ली फिरवली, कुलूप उघडलं, दार उघडेना. दोघांनी खांदा लावला. ते जाम झालेलं नव्हतं. ते थोडं आत जायचं आणि हळूच परत आम्हाला ढकलायचं, पलीकडून कुणी भार टाकून उभं असल्यासारखं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बाहेर आल्या. इकडे सगळं शांत आहे हो, म्हणाल्या, सकाळपासून आवाज नाही.

अक्षय बायकोला हाका मारत होता. मी दाराला कान लावला.

आत कुठेतरी भांडं भिंतीवर आपटत होतं. हळू. थांबून थांबून. किनाऱ्याला बांधलेली होडी आपटते तसं.

मग तो आवाज थांबला.

कितीतरी वेळाने दार आपोआप सैल झालं.

आत पाण्याचा थेंब नव्हता. फरशी कोरडी होती. हवेला चिखलाचा, खाडीचा वास होता. सोफा खिडकीला आडवा लागलेला, खुर्च्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या. भिंतीवरची रेघ शोधायला मला मान वर करावी लागली. ती छताच्या जेमतेम हातभर खाली होती.

पंख्याच्या तिन्ही पात्यांवरून तपकिरी शैवाल लोंबत होतं. ओलं. त्यातून पाणी गळत होतं आणि खाली पोचत नव्हतं.

"रिद्धी," अक्षय म्हणाला. हाक नव्हती ती.

बेडरूममध्ये कपाटाच्या वर सामान ठेवायचा माळा आहे. ती तिथे होती. सुटकेसच्या मागे, छताला डोकं टेकवून, गुडघे छातीशी घेऊन. केस चिंब. ओठ निळसर. डोळे उघडे.

ती अक्षयकडे नाही, त्याच्या पायांकडे बघत होती.

"उतरलं का?" तिने विचारलं.

मी होय म्हटलं. अक्षयने खुर्ची लावून तिला खाली घेतलं. तिचा पाय फरशीला लागला तेव्हा ती शहारली, आणि मग त्याच्या शर्टाला धरून रडायला लागली. वडिलांनी उंच जागा बघून ठेव म्हणून सांगितलं होतं, एवढंच ती हॉस्पिटलला जाताना रिक्षात बोलली.

डॉक्टरांनी तिच्या छातीत पाणी सापडल्याचं सांगितलं. पोहायला गेली होती का, त्यांनी विचारलं. अक्षय हो म्हणाला. चार दिवसांत ती घरी आली, म्हणजे माझ्या घरी. ती वाचली. सध्या दोघं तिच्या माहेराजवळ भाड्याने राहतात. खाडीच्या अगदी काठावर, आणि रिद्धीला तिथे शांत झोप लागते. पाणी डोळ्यांना दिसतं ना ताई, असं ती म्हणते.

चिखलोलीचा फ्लॅट बंद आहे. राहिलेलं सामान हलवायला मागच्या महिन्यात मी आणि अक्षय गेलो होतो. भर सकाळ होती, लख्ख ऊन. टेम्पो भरून झाला. अक्षय ड्रायव्हरशी बोलत होता, म्हणून मी तळमजल्याच्या राजाबाईंचा निरोप घ्यायला थांबले. साठीच्या आहेत, बोलक्या. रिद्धी कशी आहे, पुन्हा येणार का, इकडे काही त्रास नाही हो कुणाला, असं सगळं नेहमीसारखं बोलल्या. वारा अजिबात नव्हता. बोलता बोलता त्या दारातल्या कुंडीतली वाळकी पानं वेचायला वाकल्या.

वाकल्यावर गळ्यातलं मंगळसूत्र खाली लोंबायला हवं. ते त्यांच्या हनुवटीच्या बाजूने वर आलं होतं आणि कानाशी, अगदी सावकाश, तरंगत होतं.