उत्तरेकडे उशी

ध्रुवकेंद्रात शिरताना अंगावरचं सगळं लोखंड दाराशी उतरवावं लागे. मालनबाईंनी किल्ल्या दिल्या, पदराची पिन दिली, केसांतले आकडेसुद्धा काढून दिले आणि वर विचारलं, "रक्तातलं लोखंड चालतंय नव्हं?" दारावरची मुलगी खुदकन हसली. मालनबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांची रेवा आत होती.

अपघातात रेवाचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. हलत काडीभरही नव्हता, पण रात्रंदिवस जळत होता. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. लेकीची तळमळ बघून मालनबाई देवाला म्हणत, माझा हात घे, पण तिचा सोडव. देव असले सौदे करत नाही.

डॉक्टर निमकरबाईंनी त्यांना सगळं नीट समजावलं होतं.

"मावशी, नसेत दोन जातींचे धागे असतात. एक मायेचा हात ओळखतो, दुसरा चटका ओळखतो. रेवाचे दोन्ही तुटलेत. ते वाढतात, पण वाट चुकतात, म्हणून हात जळतो. आता आम्ही त्यांच्या टोकांवर चुंबकाचे बारीक कण बसवलेत. ध्रुवकण म्हणतो आम्ही त्यांना. पहिल्या जातीच्या कणांना उत्तर ध्रुव ओढतो, दुसऱ्या जातीच्या कणांना दक्षिण. पलंगाखालचं चुंबक दोघांना आपापल्या घरी पोचवेल."

"मग पोरीनं काय करायचं?"

"पडून राहायचं. डोकं कायम उत्तरेकडे."

मालनबाईंनी मनातल्या मनात दिशा जुळवल्या. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय! असं माणसाला कधी निजवतात, हे या शिकल्यासवरलेल्या बाईला ठाऊक नसेल? विचारावंसं वाटलं, पण जीभ रेटेना.

पहिल्याच दुपारी, डॉक्टरांची फेरी आटोपल्यावर, त्यांनी उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"त्यांच्या चुंबकाला दोन्हीकडं सारखंच. माझ्या डोळ्यांदेखत तू अशी पडायची न्हाईस."

रेवाला वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय आईचा चेहरा तिला बघवेना. ती उशीच्या बाजूला डोकं करून झोपली. फेरीची चाहूल लागली की मालनबाई तिला परत सरळ करत. खोलीत कॅमेरा नव्हता; त्या चुंबकापुढे कुठलंच यंत्र टिकत नसे. आणि गंमत अशी की हाताची आग दिवसागणिक कमी होत गेली. मालनबाईंना वाटलं, आपलंच बरोबर होतं.

हाताची पट्टी सोडली त्या दिवशी रेवानं बोटं हलवली. "आई, जळत नाही गं!" ती रडायला लागली. मालनबाईंनी धावत जाऊन त्या हातावरून आपला हात फिरवला आणि रेवा किंचाळली.

निमकरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हाडाची सुई घेऊन रेवाच्या तळव्याला टोचली. रक्ताचा थेंब आला. रेवाचे डोळे अलगद मिटले. "किती मऊ लागतंय," ती म्हणाली.

"हिला कुणी उलटं निजवलं होतं?"

मालनबाईंनी सांगितलं. का निजवलं तेही सांगितलं.

"चुंबक जागच्या जागी राहिलं, मावशी. हात तेवढा फिरला. मायेचे धागे चटक्याच्या घरी गेले आणि चटक्याचे मायेच्या."

"मग परत फिरवा की! आता म्हणाल तशी ठेवते. दक्षिणेला, उत्तरेला, कुठंबी."

"जोड बसलाय. पुन्हा तोडला तर हातच जाईल."

मायलेकी घरी आल्या. रेवा कामाला लागली. लिहायची, भाकऱ्या थापायची. मऊ पीठ हाताला लागलं की दात आवळून धरायची. तव्याजवळ मात्र मालनबाई तिला एकटी सोडत नसत. लेकीजवळ बसायच्या त्या हातभर अंतर ठेवून. आपल्या हाताला आता काय करावं, त्यांना कळत नसे.

एका संध्याकाळी रेवानंच हात पुढे केला. "आई, अपघातापासून तू मला जवळ घेतलेलं या हाताला कळलंच नाही. एकदा घे ना."

"कसं घेऊ गं बाई?"

"तुला माहितीये कसं."

मालनबाईंनी तिचा हात मांडीवर घेतला. डोळे मिटून तिच्या दंडात नखं रोवली. रेवानं समाधानानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुटपुटली, "अजून."

मालनबाईंनी नखं आणखी आत दाबली.