फ्रीझरमधले साओनकाका

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. थायलंडमधल्या खोन केन शहरातल्या एका इस्पितळात, सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सुट्टीत, भर दुपारी. बाहेर लोक एकमेकांवर पाणी उडवत होते. प्रयोगशाळेत मी आणि ओराथाईताई, दोघंच.

वर वॉर्डात माझी आई तापाने फणफणली होती. तिच्या फुफ्फुसातले जंतू हाताशी उरलेलं शेवटचं औषध मोडतात का, हे आम्ही सांगायचं होतं. डॉक्टर खोळंबले होते.

काम तसं सोपं. औषधात जंतू मिसळायचे आणि थोड्या वेळाने यंत्राला औषधाचं वजन करायला द्यायचं. औषध शाबूत असेल तर पडद्यावरच्या आलेखात त्याचं टोक उभं राहतं. जंतूंनी मोडलं असेल तर टोक गायब.

तीन नळ्या लावल्या. एक आईची. एक नुसत्या औषधाची. आणि एक साओनकाकांची. काका मागच्या वर्षी आमच्याच वॉर्डात खोकून खोकून गेले. त्यांचे जंतू औषध हमखास मोडायचे, म्हणून ताईने तुलनेसाठी फ्रीझरमध्ये जपले होते.

पडदा उजळला...

तिन्ही नळ्यांत टोक नाही.

नुसत्या औषधाच्या नळीतही नाही!

"झोपेत भरल्यास का रे नळ्या?" ताई करवादली.

औषधाची नवी बाटली फोडली. पुन्हा तेच.

आणि मग ऐकू आलं...

खक्... खक्...

फ्रीझरमधून.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "काकांचा मुलगा उदबत्ती लावून घेऊन गेला होता ना त्यांना?"

"खाटेजवळून नेलं, ताई. इथून कोणी नेलं?"

आमच्यात माणूस इस्पितळात वारला की घरच्यांनी उदबत्ती लावून, हाक मारून त्याच्या आत्म्याला घरी न्यायचं असतं. नाहीतर तो तिथेच राहतो.

वर आई श्वासासाठी धडपडत होती. दाराबाहेर उदबत्ती पेटवली, फ्रीझरकडे बघत हात जोडले.

"चला काका, घरी चला."

"अरे, तू नको बोलावूस! त्यांच्या मुलाला फोन लावते, थांब!" ताई ओरडली.

तोवर बोलून झालं होतं.

खोकला थांबला...

तिसऱ्या खेपेला सगळं जागच्या जागी. काकांच्या नळीतलं टोक तेवढं गायब, नेहमीसारखं. आईच्या नळीत औषध शाबूत! तिला ते मिळालं आणि ती वाचली. मी ढसाढसा रडलो.

तिला घरी आणलं त्याच दुपारी तिने अंथरुणातून हाक मारली.

"पाहुण्यांना पाणी दे रे. केव्हाचे खोकतायत बिचारे."

घरात आम्ही दोघंच होतो.

काकांचा मुलगा येऊन गेला. आमच्या दारात उदबत्ती लावून त्याने घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

काका गेले नाहीत.

आणि कालपासून... आईही खोकते आहे.