मल्लनायकाचे जोडलेले हात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला, वाघदऱ्याचे विठ्ठलराव पाटील आष्टीत सुंदररावांच्या ओसरीवर येऊन थडकले. पाय धुवायलाही थांबले नाहीत.

"सुंदरराव, आमचा नायक फोडला हो!"

सुंदरराव शेंगा सोलत होते. एकेकाळी निजाम सरकारचे अमीन, म्हणजे पोलीस ठाण्याचे मुख्य. वरच्या साहेबाशी वाजलं, तेव्हा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि घरी आले. तेव्हापासून लोकांची कोडी सोडवणं हाच त्यांचा धंदा. शेजारी बसलेले रामहरी मास्तर त्यांचे जुने सोबती. माणूस सज्जन, वाचन दांडगं, पण डोकं बैलगाडीच्या चालीनं चालायचं, आणि चढ लागला की उतरून ढकलावं लागायचं.

"बसा आधी," सुंदरराव म्हणाले. "कोणी फोडला?"

"धुळाजी धनगरानं. दुसरा कोन? त्याची कुऱ्हाड तिथंच घावली. चावडीत बांधून ठेवलाय त्याला. उद्या अमीनसाहेबाच्या हवाली करतो, अन् बायकापोरं, मेंढरं समदी गावाभाईर."

"मग माझ्याकडं कशाला आलात?"

विठ्ठलराव जरा चाचरले. "आई म्हनती, धुळाजी न्हाई. दुसरं काय बोलंना. रात्रीपासनं पोटात अन्न न्हाई तिच्या. म्हनलं, तुमी एकदा बघावं."

टांग्यात बसल्यावर मास्तरांचा जीव तळमळायला लागला. मल्लनायकाची वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, त्यांनी स्वतः पाहिली होती. देवगिरीच्या हरपाळदेवानं दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध दंड थोपटले, तेव्हा सुलतानाची फौज अडवायला मल्लनायक मूठभर माणसं घेऊन वाघदऱ्याच्या घाटात उभा राहिला आणि तिथंच पडला, असं गाव सांगे. पाटील घराणं त्याच्या वंशातलं. पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडाला शेंदूर चढत गेला. आत काय कोरलंय ते कुणा जिवंत माणसानं पाहिलंच नव्हतं. यंदा श्रावणात शेंदराचं ते जाड कवच आपोआप गळून पडलं. नायकानं खोळ टाकली म्हणून गावानं वाजतगाजत ती नदीत सोडली, आणि सहाशे वर्षांचा दगड पहिल्यांदा उघडा झाला. हैदराबादेहून एक साहेब शुक्रवारी त्याचा फोटो काढायला येणार होता.

"तुम्ही श्रावणात गेला होतात ना मास्तर?" सुंदररावांनी विचारलं. "काय होतं त्यावर?"

मास्तरांना सांगायची हौस फार. "तीन खण, एकावर एक. वरच्या खणात नायक हात जोडून बसलाय, आणि पुढं एक दाढीवाला, शेजारी लोडासारखं काहीतरी. मधल्या खणात नायकाच्या दोन्ही बाजूंना बायका. खालच्या खणात घोडेस्वार, तलवारी, आणि एक माणूस आडवा पडलेला. भिवराबाईंनी, म्हणजे पाटलांच्या आईंनी, मला अर्थ विचारला. मी एकेक खण समजावून दिला. फार मन लावून ऐकत होत्या हो."

"हूं," म्हणून सुंदररावांनी शेंग फोडली.

वीरगळ गावाच्या मागल्या अंगाला, लिंबाखाली उभी होती. पाटलांचं मागचं दार तिथून पन्नास पावलांवर. दगड पाहून मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वरचा खण पार गेला होता. मधलाही. नायकाचं तोंड, हात, त्या बायका, काही म्हणता काही उरलं नव्हतं. खालचा खण मात्र जसाच्या तसा होता. घोडे धावत होते, तलवारी उगारलेल्या होत्या.

सुंदरराव उकिडवे बसले. दगडावर बोट फिरवलं. "कुऱ्हाडीचा घाव नाही हा, मास्तर. बारीक बारीक खळगे आहेत, एकसारखे, ओळीनं. असं काम कुठं पाहिलंय?"

"नाही बुवा."

"रोज खाता त्याच्या जिवावर. बरं, जमीन पाहा. इतका दगड फोडला, कपची दिसते का एक तरी?"

मास्तरांनी पाहिलं. पायथा झाडून लख्ख केलेला. दिव्याच्या कोनाड्यात तेल ताजं होतं.

"फोडणारा घाईत असणार," मास्तर म्हणाले. "खालचा खण राहून गेला बिचाऱ्याचा."

"घाईतला माणूस झाडलोट करतो का हो?"

मास्तर धोतर झटकत उठले आणि त्यांच्यामागं चावडीकडं निघाले.

चावडीत धुळाजी खांबाला बांधलेला होता. पन्नाशीचा, काटक, मिशा पांढऱ्या. दाराशी त्याची बायको अंजना डोक्यावर पदर घेऊन बसली होती. सुंदररावांना बघून तिनं नुसते हात जोडले.

"काल दुपारी कुठं होतास?"

"माळावर. आमाला बैलं न्हाईत सायेब, आमचा कसला पोळा? मेंढरं चारत व्हतो."

"आणि कुऱ्हाड?"

"परवाच्याला नायकामागच्या बाभळीचा पाला तोडाया गेलतो. तिथंच इसरली."

"पाटलांशी भांडण आहे म्हणे तुझं, नायकावरनं?"

"हाय की. नायकासंगट आमचा बी पूर्वज मेला घाटात. वर्साची पैली हळद आमी लावावी, एवढंच आमचं म्हननं. नायकाचा दगड फोडून आमाला काय मिळनार? मग हळद लावू कुटं?"

"तुमच्याकडं आहेत असे दगड?"

"माळावर तीन हायती. हळद खालच्या खनापासनं लावत वर जायाची, ही आमची रीत. उलटी लावली, तर म्हातारी मानसं काठी घेऊन उठत्यात."

"ते का?"

धुळाजी तोंड उघडणार, तोच विठ्ठलराव कडाडले. "रीतीभाती काय इचारता सुंदरराव? कुऱ्हाडीचं इचारा! लई शहाना हाय त्यो!"

धुळाजीनं तोंड मिटलं.

दुसरा संशय उत्तरेश्वर गुरवावर. नायकाचा पुजारी तोच. हैदराबादचा साहेब दगड उचलून नेईल या धास्तीनं त्याची झोप उडाली होती, हे गावभर माहीत होतं.

"भ्यालतो, खरं सांगतो," गुरव म्हणाला. "दगड गेला, तर माझ्या पोटाला कोन घालनार? पर फोडलेल्या देवाला तरी कोन नारळ देतंय? आन् काल दुपारपासनं दिवस मावळेस्तोवर मी वेशीत सनई वाजवत व्हतो. गावाला इचारा. गालफडं दुखाया लागलीत अजून."

ते खरंच होतं. पोळ्याला सारं गाव वेशीत असतं. ढोल, सनई, बैलांच्या घुंगरांचा आवाज. गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणी दगडावर ठोकत बसलं, तरी कुणाला ऐकू जायचं नाही.

"परक्या माणसाचं येणंजाणं?" सुंदररावांनी विचारलं.

"कोन येतंय? आठवड्यामागं जात्याला टाकी लावनारी सारजाबाई येऊन गेली, तेवढीच. कळवळत गेली बिचारी, तिची एक टाकी, छिन्नी हो, कुटंतरी गहाळ झाली म्हनून."

जेवायला पाटलांकडंच बसले. सूनबाई बाळंतपणाला माहेरी परळीला गेलेली, त्यामुळं भाकरी भिवराबाईंनीच केलेली. साठी उलटलेली बाई, सरळ कण्याची, कमी बोलणारी. वाढतानाही नजर वर नव्हती. उजव्या तळव्याला तिनं फडकं बांधलं होतं.

"पोळला का हात?" सुंदररावांनी मायेनं विचारलं.

"व्हय. तव्यानं."

मास्तरांनी भाकरीचा घास घेतला आणि दाताखाली करकर झालं. भिडस्त माणूस, मुकाट्यानं गिळला.

"पोळा कसा झाला पाटील?" सुंदररावांनी विषय काढला.

"झाला झोकात. मान आमच्या बैलांचाच. फकस्त घरी आल्यावर बैलं दारात खोळंबली. आरतीचं ताट तयार नव्हतं. आईचं असं कवा व्हत न्हाई. वय झालं आता, दुसरं काय."

भिवराबाई आत निघून गेल्या.

जेवण झाल्यावर सुंदरराव एकटेच चावडीत जाऊन आले. परत आले ते चेहरा पाडून. "मास्तर," ते म्हणाले, "काही कोडी सुटू नयेत असं वाटतं."

दिवस कलायच्या आत त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. विठ्ठलराव आले, गुरव आला, भिवराबाई आल्या. धुळाजीला दोरीसकट आणलं.

"पाटील, तुमच्या नायकाचा शत्रू असता, तर त्यानं काय फोडलं असतं?" सुंदररावांनी सुरुवात केली. "नायकाचा पराक्रम. लढाई. ती खालच्या खणात आहे, आणि तिला ओरखडासुद्धा नाही. फोडलं काय? तर जोडलेले हात आणि बायका. फोडणाऱ्यानं वरून सुरुवात केली, दुसऱ्या खणाशी थांबला. त्याला नायकाचा पराक्रम पुसायचा नव्हता. त्याला नायकाची लाज पुसायची होती."

"लाज? कसली लाज?" विठ्ठलराव गोंधळले.

"सांगतो. हे खळगे कुऱ्हाडीचे नाहीत, टाकीचे. गुळगुळीत झालेल्या जात्याला धार यावी म्हणून टाकी लावतात तसे. सारजाबाईची टाकी गावात गहाळ झाली. आज तुमच्या घरच्या भाकरीला कचकच होती. मास्तर गिळत होते, मी बघत होतो. म्हणजे घरच्या जात्याला नुकतीच टाकी लावलेली. सारजाबाई तर आठवड्यापूर्वीच गेली. तिनं लावलेली असती, तर एव्हाना पीठ साफ आलं असतं. कोणीतरी घरीच टाकी चालवून हाताला सवय करून घेतली."

विठ्ठलरावांचा चेहरा उतरत चालला.

"गाव वेशीत होतं, तुमच्या घरात एकच माणूस होतं. बैल आले तेव्हा ताट तयार नव्हतं. तवा भाकरी करणाऱ्याची बोटं भाजतो, तळव्याचा मधला भाग नाही. तिथं टाकीचे फोड येतात. आणि कपच्या? शत्रू कपच्या वेचत नाही. पाय पडू नये म्हणून जपून वेचल्या, दिवा लावला, मगच घरी गेलं ते माणूस. या नायकाला पन्नास वर्षं रोज दिवा कोण लावतं, पाटील?"

 लिंबावर पोपट तेवढे ओरडत होते.

भिवराबाईंनी पदराखालून एक पुरचुंडी काढली आणि दगडापुढं ठेवली. आतल्या कपच्या खुळखुळल्या. "मीच फोडला," त्या म्हणाल्या. "धुळाजीला सोडा. आज सांगनारच व्हते."

"आये! कावून गं?" पाटलांचा आवाज फाटला.

"शुक्रवारी सायेब फोटू काढनार. मग मुलूख बघनार, आपला नायक सुलतानाच्या सरदारापुढं हात जोडून बसला. बायका इनाम घेतल्या, आन् मग आपल्याच मानसांवर तलवार धरली. पन्नास वर्सं दिवा लावला रं मी त्याला. मला ते कुनाला दिसू द्यायचं नव्हतं."

मास्तरांनी ओळखलं. हे शब्द त्यांचेच होते. 'हा दाढीवाला म्हणजे सुलतानाचा सरदार दिसतो, लोडाला टेकलाय. आणि या बायका बहुधा बक्षीस.' किती सहज बोलले होते ते! पुस्तकाचं पान वाचावं तसं वरून खाली वाचत गेले होते.

"आई," सुंदरराव हळूच म्हणाले, "वीरगळ वरून खाली वाचायची नसते. खालून वर वाचायची. माणूस खाली लढतो, खालीच मरतो. तो आडवा पडलेला आहे ना, तो नायकच. मग मधल्या खणात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. आणि सगळ्यात वर तो हात जोडून बसतो, तो शंकरापुढं. दाढीवाला तिथला पुजारी. मास्तरांना लोड वाटला, ती झिजलेली पिंड."

भिवराबाई खाली बसल्या. फडकं बांधलेला हात त्यांनी घोड्यांवर ठेवला, आडव्या पडलेल्या माणसावर आणला, आणि हळूहळू वर नेला. वर नुसते खळगे होते. हात तिथंच थांबला.

"म्हंजी शरन गेला न्हाई त्यो?"

"नाही, आई."

"मेला व्हता?"

"घाटात. तुमचं गाव सांगत होतं तसाच."

म्हातारीनं कपाळ दगडावर टेकवलं आणि हंबरडा फोडला. विठ्ठलराव मान वळवून उभे राहिले. पाटील माणूस, रडायचं कसं चारचौघांत?

मास्तर पुढं झाले.  "माझं चुकलं, आई. मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला पाहिजे होतं, तर मी अर्थ सांगत बसलो. पाप माझं आहे."

भिवराबाईंनी डोळे पुसले. "तुमी शिकल्याले, मास्तर. तुमचं खरं वाटलं मला. इस्वास मी सोडला, एका दुपारीत. टाकी बी मीच धरली. तुमाला काय बोलू?"

त्या रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं. मास्तरांना तेवढा तरी आधार मिळाला असता.

विठ्ठलरावांनी स्वतःच्या हातानं धुळाजीची दोरी सोडली.  एवढंच म्हणाले, "यंदाची पैली हळद तुझी." दोघांनीही दगडाकडं पाहिलं आणि दोघांनाही कळलं की आता हळद लावायला एकच खण उरला आहे.

भिवराबाई लिंबाला धरून उठल्या. "धुळाजी, खालनं वर वाचत्यात, हे सुंदररावांना तूच सांगितलंस का रं?"

"व्हय, आई. मगाशी चावडीत येऊन इचारलं त्यांनी."

"तुला ठावं व्हतं, तर मला कावून न्हाई सांगितलंस? श्रावनापासनं रोज हितनं मेंढरं नेत व्हतास. मी हितंच बसल्याली असायची."

धुळाजी मनगटावरचे दोरीचे वळ चोळत होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"तुमी मास्तरला इचारलंत, आई. मला कुनी इचारलंच न्हाई."