शुक्रवारच्या पानावर नसलेला रास्मुस

एल्क फोर्डच्या कॉफीच्या दुकानात, दारापाशी, कुणीतरी चारपानी जाहिरातपत्राचा गठ्ठा ठेवून गेलं होतं. नाव 'होमटाउन'. काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

ऑर्फा लिंडक्विस्टने एक प्रत उघडली, कॉफी तशीच निवत ठेवली आणि ती थेट इल्झे ब्रँटच्या घरी गेली.

"हे तू काढलंस?"

इल्झेने पानं उलटली. तिचा चेहरा उतरला. "नाही गं. पण हात माझाच वाटतोय."

खरंच वाटत होता. तीच मांडणी, तोच ठसठशीत मथळा. इल्झेने जन्मभर 'हॅलो नेबर' चालवलं. पत्राचं नाव एका मोठ्या कंपनीचं, फ्रँचायझी इल्झेची. घरोघर फुकट जाणारं ते पत्र गाव मीठमिरचीसारखं वापरायचं. मग गुडघे दुखायला लागले, तिने ते आपल्या हाताखालच्या मार्लिसला दिलं आणि करारातल्या कलमावर सही केली: सोडल्यावर दोन वर्षं या जिल्ह्यात जाहिरातीचं काम करायचं नाही. केलंस, तर ती दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

बंदी वसंतात संपणार होती. इल्झेला आता स्वतःच्या नावाचं एक छोटं पत्र काढायचं होतं. तिने वयाची बहात्तर वर्षं ओलांडली होती. पुन्हा पहिल्यापासून थांबायला तिच्याकडे आयुष्य उरलं नव्हतं.

दुपारपर्यंत प्रत कंपनीच्या पेटिबोन नावाच्या अधिकाऱ्याकडे पोहोचली. उद्या चौकशीला येतो, असा त्याचा फोन आला.

ऑर्फाने गावातल्या जुन्या वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं मुद्रितं तपासली होती. ते बंद पडलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. इल्झेने काम सोडलं तेव्हा मात्र दुकानदारांनी केक आणला होता. त्या केकचा तुकडा ऑर्फाच्या घशाखाली उतरला नव्हता. मैत्रीण होती, तरीही.

ती दुकानं पालथी घालायला निघाली. लोखंडसामानवाला म्हणाला, माझ्याकडे कुणी आलंच नाही. माझी जुनी जाहिरात फुकट छापून आली, मी कशाला तक्रार करू? बेकरीवालीही तेच बोलली. या सगळ्यांनी 'हॅलो नेबर' कधीच सोडलं होतं.

पैसेच घेत नाही, मग हा धंदा कसला?

ती गाडीत बसून दुसरं पान पाहत राहिली. शुक्रवारचं पान. शुक्रवारी रात्री तळलेले मासे खायला बाहेर जायची गावाची जुनी रीत, म्हणून एके काळी इल्झे गावातल्या सगळ्या तळलेल्या माशांच्या जाहिराती एकत्र छापायची. कंपनी रागवायची, स्पर्धक शेजारी बसवू नका म्हणायची. इल्झे ऐकायची नाही. गुरुवारी घराघरात त्या पानावरून भांडणं व्हायची, उद्या जायचं कुठे. या पानावरही चर्चचं तळघर होतं, माजी सैनिकांचा हॉल होता, हमरस्त्यावरची दोन्ही हॉटेलं होती.

रास्मुस नव्हता. तळ्याकाठचा मासेवाला रास्मुस, सगळ्यांत मोठा. नवरदेवाशिवाय निघालेली वरात.

"तुझी जाहिरात यात कशी नाही रे?" तिने त्याला विचारलं.

"बरंच झालं. चर्चच्या माशांशेजारी मी बसत नाही."

"इल्झेच्या वेळी बसायचास की."

"तेव्हा बसायचो. मार्लिस आली तेव्हा तिला सांगितलं, मागचं आख्खं पान घेतो, पण शेजारी दुसरा मासेवाला दिसला तर त्याच दिवशी सोडेन. छपाई कुणाचीही असो, मला बघायचं नाही."

"हे आणखी कुणाला ठाऊक?"

"बायकोलासुद्धा नाही. तिचा भाऊच चर्चच्या कढईपाशी उभा असतो."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात मागच्या टेबलाशी चौघं बसली. पेटिबोनने 'होमटाउन' पुढे सरकवलं. मार्लिस हळूच म्हणाली की तिला फार वाईट वाटतंय. इल्झेनेच शिकवलं, पण हात ओळखू येतो त्याला ती काय करणार.

"हात ओळखू येतो, खरं आहे," ऑर्फा म्हणाली. "आणि ज्याला शिकवला त्यालाही तो जमतो. पेटिबोनसाहेब, इल्झेला धंदा चोरायचा असता तर तिने मार्लिसची चांगली गिऱ्हाइकं पळवली असती. इथे एकही पळवलेलं नाही. सोडून गेलेली तेवढीच घेतली, तीही फुकट. चोर घरात शिरला आणि फक्त केर घेऊन गेला."

पेटिबोनने 'होमटाउन' पुन्हा जवळ ओढलं.

"आणि हे पान. इल्झेने केलं असतं तर सगळ्यांत वर रास्मुस असता, कारण तिच्या वेळी तो आनंदाने बसायचा. आता तो या रांगेत दिसला तर चिडतो, हे इल्झेने काम सोडल्यावर ठरलं. ते एकाच माणसाला माहीत आहे. इल्झेवर आळ घेताना त्या माणसाला आपलं मोठं गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं."

सगळे मार्लिसकडे पाहू लागले. तिने कप बाजूला ठेवला.

"प्रत्येक काउंटरवर," ती म्हणाली, "पहिला प्रश्न काय, तर इल्झे कशी आहे. फ्रँचायझी मी घेतली, पाटीवर नाव माझं, थंडीत वणवण मी करते. आणि वसंतात ही परत येणार. मग मला कोण विचारणार होतं?"

"कुणी नाही," ऑर्फा म्हणाली. "मला विचारत नाहीत, तसंच. म्हणून तर मला तुझा संशय आला."

इल्झेने मान वळवून मैत्रिणीकडे पाहिलं. ऑर्फाने नजर चुकवली नाही.

पेटिबोनने कागद आवरले. इल्झेची बंदी ठरल्या दिवशीच संपेल, असं तो म्हणाला. मार्लिसची फ्रँचायझी मात्र आजपासून गेली, आणि करारातलं तेच कलम आता तिला लागू. दोन वर्षं, हा जिल्हा.

तो गेल्यावर मार्लिसने बाजूला ठेवलेला कप पुन्हा जवळ ओढला. "मी आता करू काय?" तिने शेवटी विचारलं, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं.

इल्झेने काठी हातात घेतली. "पहिला हिवाळा गावात राहू नकोस," ती म्हणाली. "जिथे जाहिरात मागायला जाता येत नाही, त्या दुकानांच्या पाट्या बघवत नाहीत."