शेपटाच्या कप्प्याचे झाकण

घरून निघताना काका एवढेच म्हणाले होते, “संध्याकाळच्या चहाला परत येतो.” काकूंनी विजेरीत नवे सेल घालून दिले आणि उंबऱ्याशी उभ्या राहून विचारले, “भर दुपारी विजेरी कशाला हो? विमान बघायला चाललात की विहीर उपसायला?”

“हाताची सवय,” काका म्हणाले. त्यांनी काकूंच्या डोळ्यांकडे पाहणे टाळले. तीही सवयच.

हे काका म्हणजे विमानदुरुस्ती खात्यातले निवृत्त तंत्रज्ञ. ज्या विमानावर त्यांच्या नोकरीची अठरा वर्षे गेली, ते त्या जातीचे शेवटचे विमान आता शहरापासून दोन तासांवरच्या तोडणीच्या आवारात उभे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे तुकडे व्हायचे होते. त्यापूर्वी ते डोळे भरून पाहण्याची परवानगी विमानप्रेमींच्या एका मंडळाने मिळवली होती आणि काका त्या मंडळाचे मानाचे पाहुणे होते. पण काका काही निरोप द्यायला निघाले नव्हते. त्यांना त्या विमानातली एक जागा पाहायची होती. खरे तर ती त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वीच पाहायला हवी होती.

गोष्ट साधी होती, आणि साधी होती म्हणूनच भयंकर. विमानाच्या शेपटात, तिसऱ्या इंजिनाखाली, तेलाच्या नळ्यांचा एक अरुंद कप्पा होता. खालून शिडी लावून, खांदे चोरून माणूस त्यात शिरे. काम संपले, की झाकण लावणाऱ्याने आधी आत डोके घालून विजेरीने कप्पा पाहायचा, मग तीन हाका मारायच्या, मग झाकण लावायचे आणि त्यानंतरच नोंदवहीत सही करायची, हा खात्याचा दंडक. त्या दिवशी आत काम करत होता काकांचा मेहुणा, काकूंचा थोरला भाऊ. पाळी संपली होती. घरी नेणारी गाडी फाटकाशी भोंगा वाजवत होती. झाकण नुसतेच लोटलेले दिसले. मेहुणा पुढे गेला असेल, असे काकांनी धरून चालले. त्यांनी शिडीवरून हात वर केला, झाकण दाबले, खिट्ट्या फिरवल्या आणि खाली येऊन सही ठोकली. डोके आत घातले नाही. हाक मारली नाही.

विमान त्या रात्री उडाले. मेहुणा मात्र पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

चौकशी झाली. कप्पा उघडला, तर रिकामा. आदल्याच दिवशी त्याचे साहेबाशी कडाक्याचे वाजले होते, तेव्हा रागाच्या भरात तो कुठेतरी निघून गेला, असे सर्वांनी ठरवून टाकले. काकूंनी नवऱ्याला एकदाच विचारले होते, “तुम्ही आत पाहिलं होतं ना?”

“पाहिलं होतं.”

त्या दोन शब्दांवर सव्वीस वर्षांचा संसार उभा होता. आज आत पाहायचे आणि घरी जाऊन काकूंना खरे सांगायचे, असा काकांचा निश्चय होता. आधी पाहायचे, मग सांगायचे. हाही क्रम खात्याचाच.

आवारात ऊन मी म्हणत होते. विमानाची तिन्ही इंजिने काढून नेलेली, खिडक्यांवर चंदेरी कागद चिकटवलेले, पोटावरचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. मंडळाची नऊ माणसे लग्नघरी आल्यासारखी नटूनथटून आली होती. त्यांचा म्होरक्या एक वकील होता. त्याला स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा आठवत नसत, पण या विमानाचे पहिले उड्डाण तो मिनिटासह सांगे.

“भंगार म्हणू नका हो,” तो तोडणीच्या मुकादमाला विनवत होता. “निवृत्ती म्हणा.”

“निवृत्ती म्हणा नाहीतर मोक्ष म्हणा,” मुकादम तंबाखू मळत म्हणाला, “उद्या आठाला कटर चालणार. आणि शेपटाकडं आधीच जाऊन या. आमची माणसं तिकडं एकेकटी जात नाहीत.”

“कळलं का काका, का जात नाहीत?” वकिलाचे डोळे चमकले. त्याने छातीशी धरलेला रेकॉर्डर थोपटला. “ठोके! उंचावर गेलं, की शेपटाकडून ठोके यायचे. वैमानिकानं नोंदवहीत लिहायचं, तंत्रज्ञानं खाली उत्तर द्यायचं, ‘तपासले, दोष आढळला नाही.’ अशा एकशे चौदा नोंदी आहेत, मी स्वतः मोजल्यात. आणि गंमत म्हणजे पहिली नोंद तुमच्याच काळातली, काका!”

“वकीलसाहेब, त्यांना श्वास तरी घेऊ द्या,” मंडळातल्या बाई म्हणाल्या. त्या भूगोलाच्या शिक्षिका होत्या आणि बडबड्या वर्गाला गप्प करण्याचा सूर त्यांना साधलेला होता.

काकांनी शिडी मागवली. वकिलाने हौसेने दंडकाची सगळी माहिती विचारून घेतली आणि झाकणाशी उभे राहण्याचा मान स्वतःकडे घेतला. खिट्ट्या फिरवताना काकांच्या बोटांना त्यांचा क्रम अजून पाठ होता. झाकण उतरले. काका खांदे चोरून आत शिरले.

बाहेरचा पत्रा हात भाजेल इतका तापला होता. आत मात्र थंडी होती. सावलीतला गारवा नव्हे. उंच आभाळात, जिथे पाखरूही पोहोचत नाही, तिथे असावी तशी कोरडी, दातांत शिरणारी थंडी. विजेरीच्या झोतात काकांचा श्वास धुरासारखा दिसला. जुन्या तेलाचा उग्र वास नाकात बसला. तोडलेल्या नळ्या, गंजलेल्या पट्ट्या, एक कडक झालेले फडके. काकांनी कोपरान्‌कोपरा उजळून पाहिला.

कोणी नव्हते.

मग सव्वीस वर्षे उशिरा, पण दंडकाप्रमाणे, त्यांनी मेहुण्याला हाका मारल्या.

“दादा...”

पत्रा कुठेतरी कुरकुरला.

“दादा...”

आता तेही नाही.

“दादा... आहेस का?”

आणि त्यांच्या डाव्या खांद्याला कोणीतरी घासून गेले. अरुंद बोळात समोरून आलेला माणूस अंग चोरून पुढे जातो, अगदी तसे. घाईत नाही, रागात नाही. झाकणाच्या भोकातून येणारा उजेड क्षणभर बुजला आणि पुन्हा आला.

काका जागच्या जागी गोठले. तेवढ्यात खालून वकिलाचा नाटकी आवाज आला, “आत कोणी आहे का?”

“आहे!” काका ओरडले. “मी आहे!”

“आत कोणी आहे का?”

“अहो, मी आहे! थांबा!” आवाज घशातून निघत होता, पण ओठांपाशीच थिजत होता.

तिसरी हाक आली. मग झाकण लागले. एक, दोन, तीन, चार... खिट्ट्या क्रमाने फिरल्या.

काकांनी मुठींनी पत्रा बडवला. विजेरी हातातून निसटली. बडवता बडवता त्यांना बाहेरचा गलका ऐकू आला. टाळ्या वाजत होत्या. वकील आनंदाने किंचाळत होता, “ठोके! ऐकलंत? ठोके! कोणी बोलू नका, रेकॉर्ड होतंय!” मग बाहेर सगळे श्वास रोखून गप्प झाले, आणि त्या कौतुकाच्या शांततेत काका हातांची साले निघेपर्यंत ठोके देत राहिले.

झाकण उघडले ते बाईंनी. काका शिडीवरून घसरतच खाली आले. त्यांच्या भुवयांवर पांढरे कण होते. उन्हात ते पाहता पाहता विरघळले.

वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “पण तुम्ही... तुम्ही तर उतरून गेलात ना?”

“मी आतच होतो.”

“नाही हो, काका. माझ्यासमोर उतरलात. टोपी ओढलेली, मान खाली. मी म्हटलं, जपून, पायरी निसरडी आहे. तुम्ही मान हलवलीत आणि फाटकाकडे चालू लागलात. म्हटलं, मन भरून आलं असेल, एकटं सोडावं... म्हणून तर झाकण लावलं.”

“मीही पाहिलं,” बाई हलकेच म्हणाल्या. “पाठमोरं.”

परतीच्या गाडीत वकिलाने रेकॉर्डर पिशवीच्या तळाशी घातला आणि पिशवी पायांपासून दूर सरकवली. काकांना बसवेना. ते सारखे खिडकीबाहेर पाहत, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या प्रत्येक माणसाचे तोंड न्याहाळत होते. आत कप्पा रिकामा होता, एवढे तरी आता ठाऊक होते. उरले होते फक्त सांगणे. ते घरी पोहोचेपर्यंतही थांबवेना. घर अजून तासभर दूर असताना त्यांनी सोलवटलेल्या बोटांनी फोन लावला.

“ऐक,” ते म्हणाले, “मधे बोलू नकोस. त्या दिवशी मी आत पाहिलं नव्हतं. हाकही मारली नव्हती. तुझ्याशी खोटं बोललो.”

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“कोण बोलतंय?” काकूंनी विचारले.

“अगं, मी!”

“हे तर मघाशीच आले.” काकूंचा आवाज कुजबुजीवर आला. “समोर बसलेत. आल्या आल्या त्यांनी हेच सांगितलं... याच शब्दांत. आणि रडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा रडले हो...”

“बाहेर पड. आत्ताच्या आत्ता शेजारी जा. ऐकतेस ना?”

“मग तुम्ही कोण?” काकूंचा श्वास फोनवर ऐकू येत होता. “खरंच तुम्ही असाल तर... सांगा, दादा मला लाडानं काय म्हणायचा?”

काकांना ते ठाऊक होते. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, जेवणाच्या पानावर, हजारदा ऐकलेले. त्यांनी तोंड उघडले. जिभेवर नुसती थंडी होती.

तेव्हा पलीकडे, काकूंच्या अगदी कानाशी, कोणीतरी ते नाव घेतले. अचूक तेच. आवाज काकांचा होता, पण शेवटचे अक्षर लांबवून सोडून देण्याची ती लकब काकांची नव्हती.

आणि काकू हसल्या. कोणीतरी लहानपणी वेणी ओढावी आणि पोरीने हसावे, तशा मोकळ्या हसल्या. आणि फोन बंद झाला.