अमेरिकेच्या मानाची जागा

"अर्ध्याहून जास्त माल अमेरिका न्यायची. आता पाच पेट्यांत जेमतेम एक. बाकी सगळं रशियाला." गुरुदासशेटनी फोडलेला डबा टेबलावर सरकवला. "हा परत आलेला. वास घ्या."

तपासासाठी बोलावलेल्या परशुराम केरकरांनी काजूगर हुंगले. खवट.

रेडीच्या या कारखान्यात दोन्ही देशांसाठी एकाच घाण्यात भाजलेले गर डब्यांत बंद होत. रशियाची मात्र एकही तक्रार नव्हती.

"कुणीतरी गर बदलतंय," शेट म्हणाले. "अमेरिकेच्या पेट्यांपाशी दिवसभर तुळसाच बसते. संध्याकाळी तिला कामावरून काढतो. तिच्यामागे कोण आहे, तेवढं तुम्ही शोधा."

"उघड आहे," केरकरांचे मित्र गंगाराम म्हणाले.

"तुमका बसल्या जाग्यार सगळाच उघड दिसता," केरकर उठले.

गोदामाच्या दारापाशी रशियाच्या पेट्या होत्या. डब्यांच्या कडांना खाऱ्या हवेने गंज धरला होता. अमेरिकेच्या पेट्या अगदी आत, मागच्या भिंतीला लागून. त्यातला डबा लखलखीत. झाकणाच्या जोडावरचा डाख कुठेही उकललेला नव्हता.

"ह्यो डबो बरो ऱ्हवलो हा!" गंगाराम कौतुकाने म्हणाले.

केरकर पेट्यांपाशी बसलेल्या बाईकडे वळले.

तुळसा डबे पुसत होती. तिची तान्ही मुलगी दाराशी झोळीत निजली होती.

"मूल एवढं लांब का गो?"

"आधी हयच बांधलेली झोळी. पौषातली थंडी, चेडवाक ऊब मिळात म्हणान. तर आंगभर घामोळा इला! मगे दारात न्हेलंय." तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "सायबानु, मी गराक हात लावूक नाय. माका काढल्यानी तर ह्या चेडवाक घेवन खंय जाव?"

मॅनेजर हरिश्चंद्र कचेरीत शुद्ध मराठीत बोलला. "रशिया रुपयांत घेते, भरपूर घेते. प्रत्येक बोटीला माल जातो. अमेरिकेची खेप पुरी होईपर्यंत पेट्या पडून राहतात. पूर्वी नेमकं उलट होतं."

"ह्योच तो! रशियावालो!" गंगाराम कुजबुजले.

केरकरांनी सगळ्यांना गोदामात बोलावलं आणि अमेरिकेच्या पेट्या पुढे ओढायला लावल्या.

"शेट, भिंतीला हात लावा."

शेटनी तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. भिंतीपलीकडे काजू भाजायची भट्टी होती.

"ही जागा अमेरिकेला कुणी दिली?"

"बाबांनी. आमचं पहिलं गिऱ्हाईक अमेरिका. गोदामातली सगळ्यात कोरडी जागा त्यांच्या मानाची. आम्ही ती कधी मोडली नाही."

"डाख शाबूत, म्हणजे गर कुणी बदलले नाहीत. इथल्या डब्यांना गंज नाही, कारण भिंत कोरडी आहे. पण किती तापते, ते थंडीत घामोळं आलेल्या मुलीने सांगितलं. पूर्वी माल आला तसा बोटीवर चढायचा, ऊब बाधत नव्हती. रशियाच्या ऑर्डरी वाढल्या, अमेरिकेचा हिस्सा घटला आणि पेट्या महिनोन्महिने इथे शेकत राहिल्या." केरकरांनी पुढे ओढलेल्या पेटीवर हात ठेवला. "गर खवट निघाले म्हणून अमेरिकेचा हिस्सा घटायला लागला नाही. हिस्सा घटला म्हणून गर खवट झाले."

शेटनी भिंतीकडे पाठ फिरवली. मग हरिश्चंद्राला म्हणाले, "ह्यो पेट्यो आताच दारात न्हेवा."

तुळसा पटकन पुढे झाली. "आणि झोळी खंय बांधू, शेटानु?"

आपली नोकरी राहिली, हे तिने गृहीतच धरलं होतं. शेटनी दाराकडे पाहिलं. वाऱ्यावर झोळी हलकेच हलत होती.

"झोळी आसा थंयच ऱ्हवांदे," ते म्हणाले. "अमेरिका तिच्या बाजूक बसात."